निवड योग्य होती

६ मार्च, गुरुवार

धाकट्या,

परवा दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत तू माझ्याविषयी तीन विधाने केलीस आणि ती तिन्ही चुकीची आहेत. त्यांच्या दुरुस्तीपुरतेच हे पत्र आहे. मायन्याखाली आशीर्वाद नाहीत, ते विसरल्यामुळे नव्हे.

पराभवानंतर दोनच दिवसांनी, निवड समितीच्या वतीने बोलताना तू म्हणालास, "माणूस हातावरून निवडू नये, डोळ्यांवरून निवडावा, हे मला माझ्या थोरल्या भावानं शिकवलं. त्या पोराला मी त्याच कसोटीवर संघात घेतलं."

पहिली दुरुस्ती: हे वाक्य माझे नाही, बाबांचे आहे.

दुसरी दुरुस्ती: बाबांनी ते फलंदाजांविषयी म्हटलेले नाही. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारा कामगार ठेवताना बाबा त्याचे हातच पाहत असत. मुद्रितशोधक ठेवताना मात्र ते उमेदवारापुढे एक सदोष मुद्रित आणि त्याची मूळ प्रत ठेवीत, समोर बसत, आणि वाचता वाचता त्याची नजर मूळ प्रतीकडे वळते की नाही, एवढेच पाहत. ज्याची वळत नसे, त्याला ते चहा पाजून परत पाठवीत. त्या कसोटीस आमच्या छापखान्यात एकच माणूस उतरला, आणि तो हे पत्र लिहीत आहे. चेंडू टोलवणाऱ्यास तिचा काय उपयोग, हे मला ठाऊक नाही. रविवारी साऱ्या देशाने जे पाहिले त्यावरून तो फारसा नसावा.

तिसरी दुरुस्ती: "आजही प्रत्येक निवडीआधी मी भावाला विचारतो," असे तू म्हणालास. तुझ्या आत्मचरित्राची पहिली आवृत्ती निघाल्यापासून, म्हणजे गेली बारा वर्षे, तू मला काहीही विचारलेले नाहीस. प्रकृतीसुद्धा नाही.

हे तिसरे विधान तू का केलेस, यावर मी विचार केला. उत्तर सापडले नाही. मात्र त्याचा परिणाम असा झाला आहे की, ज्याने संघ बुडवला तो या गल्लीत छापखान्यावरच्या मजल्यावर राहतो, अशी लोकांची समजूत झाली आहे. काल सायंकाळी काही तरुण खाली उभे होते. "भावाला विचारलं, देशाला बुडवलं" अशी त्यांची घोषणा होती. व्याकरणदृष्ट्या ती निर्दोष होती, हे मान्य केले पाहिजे.

आपल्या बहिणीचे म्हणशील, तर आक्का ठीक आहे. तिला ऐकू कमी येते, त्यामुळे ती मिरवणूक आहे असे समजून खिडकीतून हात हलवीत होती. दूरध्वनीची तार मी काढून ठेवली आहे; यंत्र जुने झाले आहे. लिहिण्याचे टेबल खिडकीपासून दूर, कपाटाच्या आड हलवले आहे; हल्ली उजेड डोळ्यांवर येतो. चष्म्याची एक काच तडकली असून ती दुरुस्तीस दिली आहे. अक्षर वाकडे वाटल्यास कारण तेच समजावे.

तिन्ही विधाने तू जाहीररीत्या मागे घ्यावीस. मी ती अद्याप कोणापाशीही नाकारलेली नाहीत. ते काम माझे नव्हे.

नाना


८ मार्च, शनिवार

धाकट्या,

मागील पत्राचे उत्तर आले नाही. ते अपेक्षित होते. आज लिहिण्याचे कारण वेगळे आहे.

कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये आमची बैठक असते. मालक स्वतः, समोरच्या दवाखान्यातले कंपाउंडर, आणि बसचे निवृत्त ड्रायव्हर. दाढी निमित्तमात्र, काम असते संघ निवडण्याचे. सामना झाला की अकरा नावे ठरवायची, मग पुढच्या सामन्यापर्यंत त्यांवर भांडायचे, असा आमचा परिपाठ आहे. मला तिथे 'काना-मात्रा' म्हणतात. मला हे ठाऊक नाही, अशी त्यांची समजूत आहे.

काल मी गेलो तेव्हा कंपाउंडर उभे राहून बोलत होते, म्हणजे विषय तापलेला होता.

"एका धावेनं! एका धावेनं हरलो हो! खांब असता तर जिंकलो असतो."

खांब म्हणजे ज्याला तू वगळलेस तो. इथे त्याला दुसऱ्या नावाने कोणी ओळखत नाही. तू ज्याला घेतलेस त्याचे नाव 'कोवळा' पडले आहे.

"खांब असता तर उभाच राहिला असता," ड्रायव्हर खुर्चीतून म्हणाले. "खांबाला पळताना बघितलंय का कधी?"

"पळायची वेळच आली नसती. आधीच्याच ओव्हरमध्ये संपवून मोकळा झाला असता तो."

"गेल्या तीन मॅचमध्ये काय संपवलं त्यानं? आमचा धीर!"

"मान हलवू नका, ड्रायव्हर," सलूनवाला म्हणाला. "कान गेला तर माझ्याकडे रिव्ह्यू नाही. नाना, तुम्ही सांगा. शेवटच्या बॉलला बरोबरीसाठी दोन पाहिजेत, पोरानं मारला लांब, एक घेतली, दुसरीला रनआउट. चूक कुणाची?"

मी जे मत दिले ते तुला जसेच्या तसे कळवतो, कारण ते मी तुझ्या तोंडावरही दिले असते. मी म्हणालो: पहिली धाव पूर्ण करून वळताना फलंदाजाने बॅट अशा हातात घ्यावी की त्याचे तोंड चेंडूकडे राहील. कोवळ्याने बॅट हातात बदलली नाही. तो चेंडूकडे पाठ करून वळला. क्षेत्ररक्षकाच्या हाती चेंडू केव्हा आला, हे त्याने पाहिलेच नाही, आणि वीतभर अंतराने धावचीत झाला. जो मुलगा केवळ डोळ्यांवरून निवडला, त्याने नेमके डोळ्यांचे काम केले नाही. निवड चुकली.

"घ्या! सख्खा भाऊ म्हणतोय," कंपाउंडर म्हणाले आणि जीभ चावली.

दुसऱ्या खुर्चीत एक अनोळखी माणूस बसला होता. वय तिशी-पस्तिशी, तोंडाला साबण, निम्मी दाढी झालेली. तो वळला नाही. त्याने आरशातूनच माझ्याकडे पाहिले. सलूनवाल्याच्या मदतनिसाने वस्तरा उचलून धरला होता, तो तसाच राहिला.

"थांबलास का? पुरी कर," तो माणूस मदतनिसाला म्हणाला. दुसरा गाल पूर्ण होईपर्यंत तो आरशातून माझ्याकडे पाहत राहिला. ड्रायव्हर हवामानाविषयी काहीतरी म्हणाले.

मी निघालो, तसा तोही निघाला. माझ्या हातातली भाजीची पिशवी त्याने घेतली. नको म्हटले तरी घेतली. अत्यंत नम्र माणूस आहे. संघाच्या समर्थकांचे जे मंडळ आहे, त्याचा तो प्रमुख आहे, असे त्यानेच सांगितले.

"आजोबा, तुम्ही मघाशी बोललात ते मला पटलं. तुमच्यासारखी स्पष्ट माणसं राहिली नाहीत."

"आभारी आहे."

"मग तेच गॅलरीतून बोला की. पुढच्या शनिवारी, पंधरा तारखेला, संध्याकाळी. मी माणसं बोलावतो. फार नाही, दोन वाक्यं. 'त्यानं मला विचारलं नव्हतं. निवड चुकली.' झालं. यात खोटं काही आहे का?"

मी विचार केला. त्यात खोटे काहीही नव्हते.

"पोरं फार चिडलीत," तो म्हणाला. "मी धरून ठेवलंय त्यांना. पण माझं तरी कुठवर ऐकतील?" दारापाशी आम्ही पोहोचलो होतो. पिशवी माझ्या हातात देताना त्याने वर पाहिले. "ती टोकाची खिडकी आजींची ना? उघडीच असते नेहमी."

धाकट्या, तो माणूस याआधी आमच्या गल्लीत कधीही आला नव्हता.

नाना


१२ मार्च, बुधवार

धाकट्या,

मागील मजकुरात काही दुरुस्त्या करावयाच्या आहेत. या माझ्याच आहेत.

दूरध्वनीचे यंत्र जुने झालेले नाही. त्यावरून जे शब्द ऐकू येत होते ते आक्काच्या कानी पडू नयेत, म्हणून मी तार काढली. नंतर माझ्या लक्षात आले की तिला ते तसेही ऐकू आले नसते. म्हणजे तार मी माझ्यासाठीच काढली. टेबल उजेडामुळे हलवलेले नाही. चष्म्याची काच आपोआप तडकली नाही. त्या दिवशी खालून आलेला दगड सज्जाच्या कठड्यावर आपटला आणि त्याची कपची लागली. आणि अक्षर वाकडे आले ते काचेमुळे नव्हे. मला भीती वाटते. हा शब्द मी आयुष्यभर इतरांच्या मजकुरात तपासत आलो, स्वतःविषयी प्रथमच लिहीत आहे.

सोमवारी सकाळी दारावर लाल रंग ओतलेला होता. मी तो रॉकेलने पुसला. काल दुपारी आक्काच्या खिडकीतून वीट आत आली आणि तिच्या उशीवर पडली. ती त्या वेळी स्वयंपाकघरात डाळ निवडत होती. तिला आवाज आला नाही. मी धावत गेलो तेव्हा उशीत वीट अशी रुतून बसली होती, जसे कोणी डोके ठेवून निजावे. मी वीट उचलली, काचा वेचल्या, खोळ बदलली. ती आली, फुटलेल्या तावदानाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "नाना, मी बहिरी आहे. आंधळी नाही."

पोलीस चौकीतून एक हवालदार पाठवला होता. सज्जन माणूस. जिन्यात खुर्ची टाकून बसला, चहा घेतला, आणि कप परत देताना म्हणाला, "साहेब, राग नसावा, पण खांबाला का काढलं हो?" आज त्याला दुसरीकडे पाठवले आहे.

मी आता खिडक्यांना पुठ्ठे लावले आहेत. बाबांच्या वेळचे, पुस्तकांच्या बांधणीचे. त्यामुळे भरदिवसाही घरात दिवा लागतो. बाहेर पाऊल वाजले की मी वाचत असलेली ओळ हरवतो आणि पुन्हा पहिल्यापासून वाचतो. सलूनमध्ये गेलो नाही. कंपाउंडर औषधे आणून जिन्यात ठेवतात आणि वर न येता खालूनच हाक मारतात.

काल विटेनंतर आक्का आणि मी आतल्या खोलीत, जमिनीवर, भिंतीला टेकून बसलो होतो. काहीतरी बोलावे म्हणून मी तुझ्या पुस्तकाचा विषय काढला. मी मोठ्याने ओरडून सांगितले की, सारे त्या पुस्तकापासून सुरू झाले. 'थोरल्या भावाला क्रिकेटचा तिरस्कार होता. त्याने माझी पहिली बॅट बंबात घातली,' हे तू छापलेस. मी दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्ती मागितली. 'मला जसे आठवते तसे मी लिहिले' असे तू उत्तर दिलेस. आणि आपण बोलणे सोडले.

"कुठली बॅट?" आक्का म्हणाली.

"त्याची पहिली. दाराआड असायची ती."

"ती होय? ती मी घातली बंबात."

मला वाटले, आता मला ऐकू येईनासे झाले.

"लाकडं ओली होती. पाणी तापेना. धाकट्याचीच आंघोळ राहिली होती. दाराआड एक फळकूट दिसलं, घातलं. चांगलं जळलं."

"आक्का! बारा वर्षं आम्ही बोललो नाही. तू गप्प का राहिलीस?"

"मला कुणी विचारलं?" ती म्हणाली. "एकानं पुस्तक छापलं, दुसऱ्यानं पत्रं धाडली. मला वाटलं, मोठ्या लोकांचं काहीतरी मोठं भांडण असेल. फळकुटावरून भांडताय हे कुणी सांगायचं?"

मग ती हसू लागली. तोंडावर पदर धरून, जोरात. आणि मीही हसलो. विटेच्या धुळीत बसून दोन म्हातारी माणसे हसत होती आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तोंड दाबत होती.

आज कंपाउंडरांच्या फोनवर तुझा निरोप आला: 'इमारतीतले लोक म्हणतात, इथे राहू नका. हॉटेलात आलो, तर तेही सोडावे लागेल. मंगळवारी, अठरा तारखेला, घरी येतो. दुसरीकडे जागा नाही. नानाला विचारा, चालेल का.'

तू मला विचारलेस. बारा वर्षांत हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर: येऊ नकोस. इथे दाराला एकच कडी आहे आणि तीही सैल आहे. शनिवार जाऊ दे. शनिवारी मी ती दोन वाक्ये बोलणार आहे. ती खरी आहेत. मी ती कागदावर लिहून दोनदा तपासली आहेत. त्यानंतर ते आम्हाला त्रास देणार नाहीत, असे तो माणूस म्हणाला आहे. तुला देतील. म्हणून येऊ नकोस.

नाना


१६ मार्च, रविवार

प्रिय धाकट्यास,

अनेक आशीर्वाद.

हे पत्र टपालाने नाही. ड्रायव्हर स्वतः घेऊन येत आहेत. ते तुझ्यासमोर उभे असतील. आधी त्यांना बसायला सांग, मग पुढे वाच.

काल दिवेलागणीच्या थोडे आधी गल्ली कोपऱ्यापर्यंत भरली. मी पुठ्ठ्याच्या फटीतून पाहत होतो. हातांत फोन उंच धरलेले. ध्वनिक्षेपक घेऊन वर कोणी यावे, तर सलूनवाला आला. त्याला पाठवले होते. त्याच्या कपाळावर घाम होता.

"नाना," तो कुजबुजला, "दोन वाक्यं बोला आणि आत या. खरीच आहेत ना? आपल्याकडं बसून रोज बोलता तेच."

मी सज्जात गेलो. आक्का दाराआड उभी राहिली आणि तिने माझ्या सदऱ्याचे टोक मुठीत धरले. मी पडू नये म्हणून, की पळू नये म्हणून, हे तिला मी विचारलेले नाही.

कागद काढला. तडकलेला चष्मा लावला. खाली तो माणूस अगदी पुढे उभा होता, दाढी गुळगुळीत. मी वाचण्यास तोंड उघडले आणि माझ्या लक्षात आले की त्याचे ओठ माझ्याआधीच हलू लागले आहेत. 'त्यानं मला...' माझे वाक्य तो आधीच म्हणत होता. मूळ प्रत त्याच्याकडे होती, आणि मी नुसते मुद्रित.

शब्द निर्दोष होते, धाकट्या. अर्थही खरा होता. पण ते त्याचे होते.

"त्याने मला विचारले होते," मी म्हणालो. "निवड योग्य होती."

आवाज इतका बारीक होता की ध्वनिक्षेपक नसता तर तो कठड्यापलीकडे गेला नसता. मग कोणीतरी शिवी दिली आणि एक दगड आला. तो माझ्या डाव्या भुवईवर लागला. रक्त डोळ्यात गेले. आक्काने सदरा मागे ओढला, पण मी कठडा घट्ट धरला होता; शौर्यामुळे नव्हे, हात सुटत नव्हता म्हणून.

"का योग्य होती?" खालून एक जण ओरडला. "सांगा की! नुसतं योग्य होती काय?"

बैठकीत हा प्रश्न आला असता तर मी जे केले असते तेच केले. कारण दिले. ते माझे नव्हते. मी ते ड्रायव्हरकडून उसने घेतले. "खांबाचा गुडघा," मी म्हणालो. "गेल्या तीन सामन्यांत तो दुसऱ्या धावेस एकदाही निघालेला नाही."

"निघाला नाही कसा? दुसऱ्या मॅचमध्ये घेतली की!"

"ती ओव्हरथ्रोची होती रे!"

"ओव्हरथ्रोची म्हणून काय झालं, पळाला की नाही?"

"पळाला? अर्ध्यात बसला होता तो! तू मॅच बघतोस का जाहिराती?"

"म्हातारा बरोबर बोलतोय. खांबाला काढायलाच पाहिजे होता. पण त्याच्या जागी कोवळा कशाला?"

"मग कुणाला घेणार, तुझ्या मेव्हण्याला?"

कोणीतरी हसले. मी हे कसे सांगू? डोळ्यात रक्त होते, आणि माझ्या नजरेसमोर त्या जमावाचे सलून झाले. माणसे माझ्याकडे पाठ फिरवून एकमेकांकडे वळू लागली. फोन खाली आले. बोटे मोजली जाऊ लागली: सलामीला कोण, सहाव्याला कोण. त्या माणसाने पुन्हा घोषणा दिली, तर शेजारचाच त्याला म्हणाला, "थांब रे, आधी हे सांग, डावखुरा नको म्हणतोस, मग लेगस्पिनर आला तर कोण खेळणार?" त्याने उत्तरादाखल तीच घोषणा पुन्हा दिली. मला वाटते, त्याला खेळातले फारसे कळत नसावे.

पण तो गेला नाही. सारे पांगत असताना तो तिथेच उभा होता. मग त्याने तळहात गालावरून फिरवला आणि वर पाहून सावकाश म्हणाला, "मंगळवारी बघू, आजोबा."

तुझा निरोप कंपाउंडरांनी सलूनमध्ये मोठ्याने वाचला होता. तुझ्या येण्याची तारीख साऱ्या गल्लीस ठाऊक आहे.

म्हणून घाईने लिहीत आहे. भुवईला कंपाउंडरांनी टाके घातले. ते रडत होते, त्यामुळे वाकडे पडले असावेत. आक्का तुझी खोली झाडत आहे. तिला मी म्हणालो, अजून काही ठरलेले नाही. ती म्हणाली, "तुमचं ठरेपर्यंत धूळ थांबत नाही."

भीती संपलेली नाही. हे लिहितानाही जिन्यात पाऊल वाजले की लेखणी थांबते. काल जे घडले ते दुसऱ्यांदा घडेल, याची खात्री मला नाही. गुडघा एकदाच उपयोगी पडतो. तू आलास तर हे घर अधिक सुरक्षित होणार नाही, उलटच होईल. तरीही मागील पत्रातील 'येऊ नकोस' हे मी मागे घेतो. तू तिकडे एकटा घाबरलेला असशील, आणि इथे आम्ही दोघे आहोत. घाबरायचेच आहे, तर तिघांनी एका भिंतीला टेकून बसावे.

निवड मात्र चुकलीच होती. हे मी तुला, फक्त तुला, लेखी कळवत आहे. त्यावर आपण घरी भांडू. दार लावून.

ड्रायव्हर तुला पुढच्या दाराने आणणार नाहीत. छापखान्याच्या मागच्या दाराने आणतील, जिथून कागदाची रिमे आत येत. त्या दाराचा अडसर मी आज तेल घालून सरकता केला आहे. हाक मारू नकोस. लहानपणी बाबा झोपलेले असताना वाजवायचास तसे, नखाने वाजव. आक्काला ऐकू येणार नाही. मी दारामागेच बसलेला असेन.

आता तारखांविषयी. तुझ्या पुस्तकात, तुझ्या मुलाखतीत आणि माझ्या पत्रांत ज्या चुकीच्या पडल्या किंवा पडण्याचा संभव आहे, त्या खाली दुरुस्त करून देत आहे.

बॅट जळाली: पुस्तकात 'उन्हाळ्याच्या सुटीत' असे आहे. चूक. उन्हाळ्यात लाकडे ओली नसतात. आक्काच्या सांगण्यानुसार तो पावसाळा होता. तारीख तिला आठवत नाही आणि तिला तिची खंतही नाही. 'थोरल्या भावाने' याऐवजी 'बहिणीने' असे वाचावे.

मला क्रिकेटचा तिरस्कार होता: पुस्तकात 'लहानपणापासून' असे आहे. अशी कोणतीही तारीख नाही.

मी निवडीपूर्वी भावाला विचारले: मुलाखतीत 'प्रत्येक वेळी'. काल सज्जातून मी यास दुजोरा दिला आहे, त्यामुळे ते आता आपल्या दोघांचे विधान झाले. ते खरे करण्यासाठी पुढची निवड ज्या दिवशी असेल, त्याच्या आदल्या दिवशी विचारावे.

तू मला पहिला प्रश्न विचारलास: १२ मार्च. 'नानाला विचारा, चालेल का.' उत्तर त्याच दिवशी चुकीचे दिले. दुरुस्त उत्तर, १६ मार्च: चालेल.

तू घरी येण्याची तारीख: सर्वत्र '१८ मार्च, मंगळवार' अशी पसरली आहे. ती तशीच पसरू द्यावी. तुझ्यापुरती दुरुस्ती: १७ मार्च, सोमवार. उद्या.

आपला अबोला संपल्याची तारीख: १७ मार्च. एवढी एकच तारीख मी शिसपेन्सिलीने लिहिली आहे.

नाना